टाउनशिपची बैठक, मिनिट्स आणि ते ४५ दिवस

न्यू जर्सीत घर घेतलं, मुलं शाळेत रुळली, ओक ट्री रोडवर कुठल्या वारी पार्किंग मिळतं हेही कळलं, तरी आपल्यापैकी बहुतेकांना टाउनशिपची, म्हणजे गावच्या पालिकेची, इमारत फक्त प्रॉपर्टी टॅक्स भरण्यापुरतीच माहीत असते. मग मागच्या मोकळ्या जागेवर गोदाम येणार अशी बातमी व्हॉट्सॲपवर फिरते आणि धावपळ सुरू होते. ही धावपळ इतक्यांदा बघितली आहे की पालिकेच्या बैठकांबद्दल इथला कायदा काय सांगतो, ते आता लिहूनच ठेवतो.

इथे १९७५ चा ओपन पब्लिक मीटिंग्ज ॲक्ट आहे. सगळे त्याला सनशाइन लॉ म्हणतात. टाउनशिप काउन्सिल, शाळेचं बोर्ड, बांधकामाला आणि जमिनीच्या वापराला परवानगी देणारी प्लॅनिंग बोर्ड, झोनिंग बोर्ड हे सगळे त्यात येतात. वर्षाचं वेळापत्रक आधी जाहीर करायचं, आणि त्याबाहेरची बैठक असेल तर किमान ४८ तास आधी लेखी सूचना द्यायची. बैठकीच्या सुरुवातीला एक निवेदन भराभरा वाचतात, त्याकडे कोणी लक्ष देत नाही. रीतसर सूचना दिली होती, एवढंच ते सांगत असतं. ते जरूर ऐका, कारण ते मिनिट्समध्येही, म्हणजे बैठकीच्या इतिवृत्तातही, यावं लागतं.

जायला कोणाची परवानगी लागत नाही, व्हिसावर असलात तरी. काउन्सिल आणि शाळेच्या बोर्डाला लोकांच्या बोलण्यासाठी वेळ ठेवावाच लागतो. किती वेळ, ते त्यांनी ठरवायचं. मतदार नोंदणीचा अर्ज मात्र नागरिक झाल्याशिवाय भरू नका, लायसन्सच्या खिडकीवरच्या माणसाने तो आपणहून पुढे केला तरी.

आता मिनिट्स. आपल्या लोकांची पहिली तक्रार ठरलेली: ‘मी एवढं बोललो, त्यातलं एक वाक्य मिनिट्समध्ये नाही.’ नसणारच. कायदा शब्दन् शब्द मागत नाही. वेळ आणि जागा, हजर सदस्य, चर्चेचे विषय, झालेले निर्णय आणि कोणी कसं मत दिलं, एवढं वाचणाऱ्याला समजेल असं असलं की पुरे. तुमचं म्हणणं कागदावर राहावं असं वाटत असेल तर ते लिहून न्या, क्लार्कच्या (पालिकेचे कागद सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याच्या) हातात द्या आणि मिनिट्सला जोडायची विनंती करा. महाराष्ट्र मंडळाच्या सभेत घटनेच्या कलमावरून रात्री अकरापर्यंत भांडणारी आपली माणसं इथे माइकसमोर गेली की एक तर गप्प होतात किंवा भाषण ठोकतात. दोन्हींचा उपयोग नाही.

खरी तक्रार वेगळी असते. कोणी विरोधात मत दिलं ते गाळलंय. दार बंद करून चर्चा केली, पण त्याआधी तसा ठराव केलाच नाही. (बैठक बंद दाराआड घ्यायला नऊच कारणं चालतात: कोर्टातली प्रकरणं, जमीन खरेदी, नोकरवर्गाच्या बाबी वगैरे.) किंवा मिनिट्स महिनोन् महिने बाहेरच येत नाहीत. कायदा ती लवकर द्या म्हणतो, दिवस सांगत नाही. पण कीन विद्यापीठाच्या खटल्यात राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये महिने घालवणं वाजवी नाही असं स्पष्ट केलं. चूक दिसली तर मिनिट्स मंजुरीला येतात त्या बैठकीला जा आणि आधी एखाद्या सदस्याला गाठून दुरुस्ती सुचवायला सांगा. क्लार्कवर आवाज चढवू नका. इथले क्लार्क, माझ्या अनुभवात, काउन्सिलपेक्षा जास्त मदत करतात.

कागद मागायचा कायदा वेगळा आहे, ओप्रा (ओपन पब्लिक रेकॉर्ड्स ॲक्ट). आपल्याकडच्या माहिती अधिकाराची सवय इथे आडवी येते. ‘हा निर्णय का घेतला?’ असं विचारलंत तर अर्ज परत येईल. नेमका कागद मागायचा: अमुक तारखेच्या बैठकीची मिनिट्स, अमुक क्रमांकाचा ठराव. आपल्याकडे उत्तराला ३० दिवस, इथे साधारणपणे कामाचे सात. मंजूर न झालेला मसुदा मागितलात तर तो बहुधा नाकारतील, म्हणून बैठकीचं ध्वनिमुद्रण मागा, आणि लगेच मागा, ते कायम जपून ठेवत नाहीत. स्वतः चित्रणही करता येतं. वाजवी नियम पाळून तो हक्क २००७ मध्ये पाइन हिलच्या खटल्यात मान्य झाला आहे.

कागद नाकारला तर अशा तक्रारी ऐकणाऱ्या राज्याच्या गव्हर्नमेंट रेकॉर्ड्स कौन्सिलकडे जाता येतं. पण मिनिट्स चुकीची आहेत किंवा बैठकच बेकायदा होती, ही तक्रार त्यांच्या कक्षेत नाही. त्यासाठी सुपीरियर कोर्ट.

आणि इथेच सगळे फसतात. बेकायदा बैठकीतला निर्णय रद्द करून घ्यायचा तर तो जाहीर झाल्यापासून ४५ दिवसांत कोर्टात जावं लागतं. आमच्या ओळखीतल्या एका वस्तीने सह्या गोळा केल्या, महापौरांना पत्रं पाठवली आणि पुरावा हातात हवा म्हणून मिनिट्सची वाट बघत बसली. मिनिट्स आली. त्यात त्यांना हवं ते सगळं होतं, मतंसुद्धा. वकिलाने तारखा बघितल्या आणि फाइल मिटली. मिनिट्स न आल्याने घड्याळ थांबत नाही. पत्रं पाठवल्याने थांबत नाही. ‘बघतो’ असं काउन्सिलमन म्हणाला म्हणून तर अजिबात नाही. निर्णय ऐकलात त्याच रात्री कॅलेंडरवर ४५ वा दिवस लिहा आणि वकिलाला त्याच्या बऱ्याच आधी भेटा.

जिंकलात तरी हुरळून जाऊ नका. रीतसर सूचना देऊन तेच बोर्ड तोच ठराव पुन्हा करू शकतं. जाणूनबुजून कायदा मोडणाऱ्या सदस्याला पहिल्या वेळी दंड १०० डॉलर. चौघं थाळी जेवायला गेलो तर तेवढे होतात. कायदा चांगला, दात बोथट, हे माझं मत. तरी कोर्टाची नोटीस आली की पुढच्या बैठकीला सूचना वेळेवर लागते, हे पाहिलंय.

गाव सोडून सोसायटीच्या, म्हणजे एचओएच्या बैठकीबद्दल तक्रार असेल तर हा कायदा लागू नाही. तुमची बायलॉज उघडा.