युद्धविरोधी कविता वाचताना या चुका टाळा

अप्पा बळवंत चौकात मिळणारं कुठलंही गाईड उघडा, युद्धकवितेचं उत्तर ठरलेलं असतं, उपमा एक, अनुप्रास दोन, प्रतिमा चार, झालं रसग्रहण. पुण्यातली इंग्लिश लिटरेचरची पोरं तेच पेपरात उतरवतात आणि मग मार्क कुठे गेले म्हणून विचारत बसतात. अरे, अलंकार ओळखणं हे अर्धंच काम आहे, त्या अलंकारानं युद्धाच्या मोठमोठ्या बातांमधली हवा कशी काढली ते सांगायचं असतं.

सगळ्यात जास्त घोळ पहिल्या महायुद्धात लढलेल्या इंग्लिश कवी विल्फ्रेड ओवेनच्या 'डल्से एट डेकोरम एस्ट'मध्ये होतो. पहिल्याच ओळीत सैनिक पोत्यांखाली वाकलेल्या म्हाताऱ्या भिकाऱ्यांसारखे चाललेत. 'येथे उपमा अलंकार आहे' एवढं लिहून पुढे पळतात लोक. थांबा ना जरा! भरतीच्या पोस्टरवरचा जवान कसा ताठ, छाती काढून उभा असतो, आणि इथे तरणीताठी पोरं कंबरेत मोडलीयेत, म्हणजे त्या उपमेनं पोस्टरच फाडलंय, हे लिहा. मग शेवट बघा. देशासाठी मरणं गोड आणि शोभून दिसणारं असतं, ही रोमन कवी होरेसची लॅटिन ओळ, कवितेचं नावही तिच्यातलंच, तिला ओवेन सरळ जुनं खोटं म्हणतो, पण नुसतं म्हणून थांबत नाही, 'ग्लोरी'चं यमक 'मोरी'शी जुळवतो, आणि लॅटिनमध्ये मोरी म्हणजे मरणं (आपल्या वर्गात इथे हमखास खसखस पिकते, पिकू दे, यमक लक्षात तरी राहतं). ती शेवटची ओळ आखूडही आहे, मोठ्यानं वाचलं तर अंधारात पायरी चुकल्यासारखं होतं. मनात वाचून हे कळणार नाही.

दुसरं म्हणजे कवितेचा सूर बघून फसणं. सिगफ्रीड ससून या दुसऱ्या सैनिक-कवीच्या 'द जनरल'मध्ये जनरलसाहेब हसतमुखानं गुड मॉर्निंग घालतात, हॅरी नावाचा शिपाई सोबतच्या जॅकला म्हणतो म्हातारा मजेशीर आहे हां, चाल बडबडगीतासारखी उड्या मारत जाते, म्हणून कुणीतरी 'विनोदी कविता' लिहून मोकळं होतं. जॅक-पॅक असं यमक जुळतं, वाटतं संपलं, मग मधे जागा सोडून एक जादा ओळ येते, 'अटॅक'वर संपणारी, की साहेबांच्या प्लॅननं दोघांचाही निकाल लावला. सगळा उपरोध त्या एका जादा ओळीत आहे, उत्तरात तीच ओळ हवी.

थॉमस हार्डीच्या १९०२ च्या 'द मॅन ही किल्ड'मधला शिपाई मी त्याला मारलं 'बिकॉज' म्हणून अडकतो, परत 'बिकॉज', तो माझा शत्रू होता म्हणून. इथे 'पुनरुक्तीमुळे लय येते' असं प्लीज लिहू नका. माणूस अडखळतोय, त्याला कारणच सापडत नाहीये.

अमेरिकन कवी कार्ल सँडबर्गच्या 'ग्रास'मध्ये गवत बोलतं, म्हणून चेतनगुणोक्ती, बरोबर. पण पुढे 'निसर्ग जखमा भरतो' असं गोग्गोड वाक्य आलं की गेला मुद्दा. खडकीच्या वॉर सेमेटरीत गवत राखलेलं असतं, दगडांवरची नावं वाचता येतात. सँडबर्गचं गवत उलट काम करतं, मला काम करू द्या म्हणत रणांगणावरची प्रेतं झाकतं, आणि काही वर्षांनी प्रवासी कंडक्टरलाच विचारतात, ही कुठली जागा? पहिल्या महायुद्धात भयंकर लढाई झालेल्या फ्रान्सच्या वर्दूंमध्ये काय झालं तेच विसरलेत ते.

ओवेन ४ नोव्हेंबर १९१८ ला मारला गेला, युद्ध थांबायच्या बरोब्बर आठवडाभर आधी. चटका लावणारं आहे, पण एका ओळीत उरका, अर्धं पान नको.

आणि युद्धावरची प्रत्येक कविता युद्धविरोधी नसते बरं का. इंग्लिश कवी रूपर्ट ब्रूकच्या १९१४ च्या 'द सोल्जर'मध्ये मरण आहे पण चिखल नाही, रक्त नाही, तो जिथे पुरला जाईल तो परदेशातला कोपरा कायमचा इंग्लंड होणार. सॉनेट म्हणून, म्हणजे चौदा ओळींची कविता म्हणून, बांधलंय झकास. त्यातही ओढूनताणून उपरोध शोधणारे निघतातच, तो तिथे नाहीये.