झिंक प्लेटवर एचिंग करताना या चुका टाळा

प्रिंटमेकिंगच्या वरच्या वर्गांत सगळ्यात जास्त ऐकू येणारी तक्रार म्हणजे "ॲसिडनं प्लेट खाल्ली". निम्म्याहून अधिक वेळा ॲसिड निर्दोष असतं. एचिंगमध्ये, म्हणजे धातूची प्लेट ॲसिडने कोरून छापण्याच्या पद्धतीत, दोष दिसतो तो पहिल्या प्रूफवर (चाचणीच्या छापावर), पण त्याचं मूळ तीन-चार पायऱ्या मागे दडलेलं असतं. कुणी घाईघाईत प्लेट पुन्हा ॲसिडमध्ये बुडवतो, कुणी प्रेस आणखी आवळतो, आणि सुधारता आली असती ती प्लेट भंगारात जाते. म्हणून इथे चुका पायरीपायरीने दिल्या आहेत. ॲसिडचे सर्व आकडे झिंक आणि नायट्रिक या जोडीचे आहेत.

चकचकीत प्लेट म्हणजे स्वच्छ प्लेट नव्हे

पॉलिश केलेल्या प्लेटवर पॉलिशचं तेल असतं आणि बोटांचा चिकटपणा असतो. त्यावर ग्राउंड (ॲसिडपासून धातू झाकणारा मेणाचा थर) लावलं की ते बसल्यासारखं दिसतं, पण ॲसिडमध्ये गेल्यावर नेमकं त्याच जागी सुटतं. प्रूफवर मग मोकळ्या जागेत काळ्या ठिपक्यांचे पुंजके उमटतात. यालाच फाउल बाइट म्हणतात.

खडूची बारीक पूड आणि पातळ अमोनिया यांची लापशी करून प्लेट कापसाच्या बोळ्याने गोलगोल घासा आणि नळाखाली तिरकी धरा. पाणी एकसंध पडद्यासारखं उतरलं तर प्लेट तयार झाली. मध्येच फाटून थेंब झाले, तर पुन्हा घासा. ही परीक्षा अर्ध्या मिनिटाची आहे, तरी ती टाळणारेच जास्त. धुतल्यावर प्लेट कडांनी धरायची आणि लगेच कोरडी करायची. मुंबईच्या पावसाळ्यात ओली राहिलेली झिंक प्लेट थोड्या वेळातच डागाळते.

कडांना 45 अंशांचा उतार याच टप्प्यावर द्या. आधी कानस, मग स्क्रेपर, मग 400 आणि 600 नंबरचा पॉलिश पेपर. "छापायच्या वेळी बघू" म्हणून सोडलेली धारदार कड ओला कागद कापते आणि प्रेसचं ब्लँकेटही (कागदावर ठेवायचं जाड लोकरी कापड). ब्लँकेट महाग असतं आणि ते सगळ्या वर्गाचं असतं.

ग्राउंड: जाड, पातळ आणि करपलेलं

स्टुडिओत ग्राउंड करत असाल, तर रूढ प्रमाण असं: दोन भाग डांबर, दोन भाग मेण, एक भाग राळ. राळ वाढली की ग्राउंड ठिसूळ होतं आणि सुईने रेघ ओढताना कडेचे टवके उडतात. मेण वाढलं की ते मऊ राहतं आणि हात टेकला तिथे ठसा उमटतो.

गरम प्लेटवर ग्राउंडचा गोळा टेकवल्यावर तो सहज वितळावा, इतकीच उष्णता हवी. धूर दिसला किंवा बुडबुडे आले, तर ग्राउंड करपलं. करपलेला थर वरून ठीक दिसतो, पण ॲसिडमध्ये पापुद्र्यांनी निघतो. अशा वेळी डागडुजी करत बसू नका. प्लेट पुसा आणि नव्याने लावा.

सुई धातूत खुपसायची नसते, ग्राउंड उघडलं की पुरे. जोर लावून ओढलेली रेघ ॲसिड अधिक खोल खाते असा समज आहे, तो चुकीचा आहे. खोली ठरवतो तो वेळ. जोरामुळे सुई अडखळते आणि वळणांवर रेघ तुटते, एवढंच.

प्लेटची मागची बाजू आणि कडा झाकायला विसरू नका. मागे पॅकिंगची टेप किंवा शेलॅक, कडांना स्टॉप-आउट (ॲसिड अडवणारं वार्निश). उघडी पाठ ॲसिडची ताकद फुकट खर्च करते आणि ट्रे तापवते. वरच्या वर्गांत प्लेटा मोठ्या होतात, तेव्हा हे फार जाणवतं.

आणखी एक चूक, जी पहिल्या वर्षातच सुटायला हवी पण सुटत नाही: देवनागरी अक्षरं सरळ लिहिणं. छाप उलटा येतो. मजकूर असेल तर तो ट्रेसिंग पेपरवर लिहा, पेपर उलटा करा आणि मागून उतरवा. वेलांट्या आरशात पाहून तपासा. शिरोरेषा दोन्हीकडून सारखीच दिसते, म्हणून नजर फसते.

ॲसिड: घड्याळावर विसंबणं

रेघांसाठी एक भाग नायट्रिक आणि दहा भाग पाणी, म्हणजे 2 लिटर पाण्यात 200 मिली ॲसिड. आधी पाणी, मग त्यात हळूहळू ॲसिड. उलट कधीही नाही. दाट ॲसिड हाताळताना पातळ नायट्राइल हातमोजे टिकत नाहीत, जाड निओप्रीनचे घाला. डोळ्यांना गॉगल हवाच. सांडलेल्यावर खाण्याचा सोडा टाका, पण तो अंगावर चोळू नका. अंगावर उडालं तर निदान 15 मिनिटं वाहत्या पाण्याखाली धरा आणि डॉक्टरांना दाखवा. ट्रेमधून तपकिरी धूर निघू लागला, तर द्रावण फार तीव्र आहे किंवा तापलं आहे. तो धूर विषारी असतो. धूर थोडाच असेल तर एक्झॉस्ट चालू ठेवून प्लेट बाहेर काढा आणि द्रावण थंड होऊ द्या. धूर वाढत असेल तर प्लेट ट्रेमध्येच सोडून खोलीबाहेर पडा.

ताज्या द्रावणात पहिली प्लेट थेट घालणं ही नेहमीची चूक आहे. नवं ॲसिड सुरुवातीला चवताळून खातं. झिंकचा एखादा टाकाऊ तुकडा काही मिनिटं आत ठेवा, मग ते शांत होतं. तापमानाचाही हिशोब करा. मे महिन्यातल्या दुपारी जी रेघ चार मिनिटांत होते, तिला पुण्यातल्या जानेवारीच्या सकाळी बराच जास्त वेळ लागतो. भिंतीवर चिकटवलेला जुना वेळेचा तक्ता म्हणूनच बेभरवशाचा. बाइट, म्हणजे ॲसिडने धातू खाणं, किती झाला हे सुईचं टोक रेघेवरून आडवं फिरवून बघायचं. टोक किती अडकतं त्यावरून खोली कळते.

नायट्रिकमध्ये रेघेवर वायूचे बुडबुडे बसतात आणि तेवढ्या जागी ॲसिड पोहोचत नाही. रेघ मग मण्यांच्या माळेसारखी येते. मऊ पिसाने ते सतत हटवत राहा. याच्या उलट, दाट हॅचिंगमध्ये (जवळजवळ ओढलेल्या रेघांत) रेघांमधला धातू खालून पोखरला जातो आणि ग्राउंड कोसळतं. तिथे गडद काळ्याऐवजी मध्ये राखाडी आणि कडेला काळा असा खड्डा येतो, कारण उथळ रुंद खड्ड्यात शाई थांबत नाही. त्यावर आणखी बाइट हा उपाय नाही. त्या जागी ॲक्वाटिंट (राळेचे कण चिकटवून ॲसिडने सपाट छटा मिळवण्याची पद्धत) करा. तसंच दाट हॅचिंगच ठेवायचं असेल, तर ॲसिड सौम्य करा, 1:14 च्या आसपास, आणि वेळ वाढवा.

तांबं आणि झिंक एकाच ट्रेमध्ये कधीच नाही. तांबं गेलेलं नायट्रिक निळसर होतं. त्यात झिंक घातलं की विरघळलेलं तांबं झिंकवर काळपट गाळ होऊन बसतं आणि बाइट सगळा भरकटतो. ट्रेवर मोठ्या अक्षरांत धातूचं नाव लिहिलेलं असावं. तांब्यासाठी असलेल्या फेरिक क्लोराइडमध्ये झिंक घालणंही तितकंच वाईट. द्रावण तापतं, फसफसतं आणि ट्रेभर गाळ होतो.

नायट्रिकचा धूर टाळायचा असेल, तर झिंकसाठी मोरचूद आणि मिठाचं द्रावण चांगलं चालतं. लिटरभर पाण्यात 50 ते 75 ग्रॅम मोरचूद आणि तेवढंच साधं मीठ. यात तांब्याचा लालसर चोथा तयार होतो, तो ब्रशने काढत राहावा लागतो. निळा रंग उडाला की द्रावण संपलं. ते मोरीत ओतायचं नाही, तांबं जलचरांना घातक असतं. स्टुडिओच्या रासायनिक कचऱ्याच्या डब्यात जमा करा.

ॲक्वाटिंट: बिघाड कमी, हिशोबाच्या चुका जास्त

राळेचे कण प्लेटचा अर्ध्याच्या जवळपास भाग झाकतील इतके हवेत. कमी पडले तर ॲसिड उघड्या जागा सरसकट खातं आणि राखाडी डाग येतो. जास्त पडले तर काळा कधी गडद होतच नाही. भिंगाने बघा, कण सुटे आणि सारखे दिसले पाहिजेत. दमट हवेत राळेच्या गाठी होतात. पावसाळ्यात ती हवाबंद बरणीत ठेवा आणि वापरण्याआधी मलमलीतून गाळून घ्या. राळेची हवेत उडालेली धूळ स्फोटक असते, त्यामुळे राळ उडवायचा डबा आणि शेगडी एका खोलीत नकोत. मास्कही हवा.

तापवताना खालून समान आच द्या आणि ज्योत फिरती ठेवा. पांढुरकी पूड पारदर्शक होऊन चमकली की त्याच क्षणी थांबा. दोन सेकंद जास्त झाली की कण एकमेकांत मिसळून तळी होतात, आणि मग सगळं धुऊन परत सुरुवात. कमी तापवलं तर कण ॲसिडमध्ये तरंगून निघून जातात. कुठेतरी अनपेक्षित काळपट पट्टा आला, तर बहुधा तिथे आच पोहोचलेली नव्हती.

आता वेळेचा हिशोब. अनेकजण 5, 10, 15, 20, 25 सेकंद अशा पायऱ्या घेतात आणि शेवटच्या तीन छटा एकच दिसतात. डोळ्याला फरक कळायला वेळ साधारण दुप्पट व्हावा लागतो: 5, 10, 20, 40, 80, 160 सेकंद. हे झाले एकूण वेळ. स्टॉप-आउट करत गेलात तर प्लेट आधीचा वेळ घेऊन आलेलीच असते, म्हणून प्रत्यक्ष बुडवायचे वेळ 5, 5, 10, 20, 40, 80 असे येतात. एकूण आणि वाढीव यांत गोंधळ झाला की मधल्या छटा गायब होतात आणि अर्धी प्लेट काळी होते. यासाठी ॲसिड सौम्य लागतं, 1:15 ते 1:20. नाहीतर पाच सेकंद मोजता मोजता छटा निसटते. त्याच धातूच्या दोन बोटं रुंद पट्टीवर, त्याच दिवशी, त्याच ट्रेमध्ये चाचणी घेतल्याशिवाय मुख्य प्लेट बुडवू नका.

छटा जास्त गडद झाली तर बर्निशरने (धातू घोटून गुळगुळीत करायच्या हत्याराने) तेलाचा थेंब टाकून उजळता येते. उजळलेली छटा पुन्हा गडद करायची तर नवी राळ टाकावी लागते. म्हणून शंका असेल तिथे थोडं गडद सोडा.

छापताना प्रेसला दोष देण्याआधी कागद बघा

रेघा फिक्या आणि तुटक आल्या की पहिला हात प्रेसच्या स्क्रूकडे जातो. आधी कागद उलटा करून बघा. प्लेटचा उठाव नीट उमटला असेल तर दाब पुरेसा आहे, कागद कोरडा होता. 250 ते 300 जीएसएमचा सुती कागद निदान अर्धा तास भिजवावा लागतो. खळ जास्त असलेल्या हातकागदाला त्याहून जास्त वेळ लागतो. मग टिपकागदात दाबून पृष्ठभागावरची चकाकी घालवायची. चमकणारं पाणी राहिलं तर शाई तिथे चिकटतच नाही आणि पांढरे ठिपके येतात.

शाई रेघेबाहेर पसरत असेल तर ती पातळ आहे, कागद फार ओला आहे किंवा दाब जास्त आहे. तिन्ही एकदम बदलू नका, एका वेळी एकच बदला. शाई घट्ट वाटली म्हणून जवसाचं तेल ओतण्यापेक्षा प्लेट कोमट करा. पुसायला खळीचं जाळीदार कापड घ्या, हात सपाट आणि हलका ठेवा. मऊ सुती चिंधी रेघेत शिरून शाई उपसते. झिंकवर पिवळा आणि पांढरा मळकट होतात, शाईची धातूशी प्रक्रिया होते. शुद्ध पिवळा अत्यावश्यक असेल तर ती प्लेट तांब्याची घ्या.

एकाच प्लेटवर अनेक रंग

ही पद्धत पॅरिसच्या अतेलिए 17 या प्रिंटमेकिंग स्टुडिओत कृष्णा रेड्डी आणि मुंबईत जन्मलेले कैको मोती यांनी विकसित केली. आजही वरच्या वर्गांतलं सर्वांत अवघड काम तेच. प्लेटवर दोन-तीन वेगळ्या खोल्या हव्यात. खाचांत नेहमीची शाई भरून पुसायची, मग कडक रोलरने पातळ शाई वरच्या पातळीवर फिरवायची, मग मऊ रोलरने घट्ट शाई, जी खालच्या पातळीपर्यंत पोहोचते. पातळ शाई असलेल्या जागी घट्ट शाई बसत नाही. क्रम उलटला की रंग मिसळून चिखल होतो. दोन शायांच्या पातळपणात फरक पुरेसा नसला तरी तोच निकाल. तेल थेंबाने नव्हे, वजनाने मोजा आणि लिहून ठेवा, नाहीतर दुसरी प्रत पहिलीसारखी येणार नाही. रोलरचा परीघ प्लेटच्या लांबीपेक्षा मोठा हवा. नाहीतर दुसऱ्या फेऱ्याची आडवी रेघ छापात उमटते आणि ती कशानेच लपत नाही.

एडिशन

चार प्रती छापून 1/20 (वीसपैकी पहिली प्रत) लिहिणं हा ज्यूरीपुढे हमखास पकडला जाणारा प्रकार. जेवढ्या छापल्या तेवढ्याच लिहा. क्रमांक डावीकडे, शीर्षक मध्ये, सही उजवीकडे, आणि सगळं पेन्सिलीने. कलाकाराच्या प्रती वेगळ्या, साधारण एडिशनच्या (क्रमांक दिलेल्या सगळ्या प्रतींच्या) दहा टक्के. रंग किंवा पुसण्यात फरक ठेवला असेल तर ती सारखी एडिशन नव्हे, तसा उल्लेख करा. ओले छाप टिपकागदांमध्ये वजनाखाली वाळवा आणि पहिले दोन-तीन दिवस कागद रोज बदला. जुलै-ऑगस्टमध्ये हे टाळलं तर बुरशीचे ठिपके येतात. प्रत्येक टप्प्याचं प्रूफ मात्र फेकू नका. मागे तारीख, ॲसिडचं प्रमाण आणि वेळ लिहून फाइलला लावा. पुढच्या वेळी बिघाड शोधायला तीच कामी येतात.