सूचना आणि पत्रिका लिहिताना: बाई-पुरुष दोघांनाही लागू पडणारी मराठी

बेळगाव, खानापूर, निपाणीत कन्नड सूचनेचं मराठी करताना पहिली ठेच क्रियापदाला लागते. कन्नडात 'अवरु बंदरु' बाई-पुरुष दोघांनाही चालतं. मराठीत 'ते आले' की 'त्या आल्या', ठरवावंच लागतं.

म्हणून आधी काळ बघा. 'सभासद येतात', 'येतील', 'येणार' यांत लिंग दिसत नाही; घोळ भूतकाळात होतो. तिथे कर्म घेणारं क्रियापद निवडा आणि कर्त्याला 'नी' लावा: 'सभासदांनी वर्गणी भरली'. क्रियापदाचं लिंग वर्गणीप्रमाणे ठरतं, कर्ता कोणीही असो. 'जो वर्गणी भरणार नाही त्याला' याऐवजी 'वर्गणी न भरणाऱ्यांना' लिहा, कारण 'भरणारा', 'भरणारी' यांच्या अनेकवचनाच्या सामान्यरूपात लिंगभेद उरत नाही. 'आला/आली' ही तिरकी रेघ अगदीच इलाज नसेल तेव्हा. सभेत मोठ्यानं वाचताना जीभ अडखळते.

पदाला 'अध्यक्ष', 'सचिव' पुरेसं. स्वतः बाईंनाच 'अध्यक्षा' हवं असेल तर तसं छापा. 'महिला अध्यक्ष' मात्र नको ('पुरुष अध्यक्ष' कुणी छापतं का?).

सगळ्यात जास्त रुसवे नावाआधीच्या अक्षरांवरून. कन्नडात 'श्रीमती' म्हणजे सहसा विवाहित बाई. मराठीत तिला 'सौ.' लावायची रीत, आणि 'श्रीमती' वाचून जुनी माणसं विधवा समजतात. 'गं. भा.' तर वैधव्याची जाहिरातच. यादीतून सौ., कु., गं. भा. सगळं काढा, पण पुरुषांचं 'श्री.'सुद्धा काढा. एकाच बाजूचं काढलं की यादी लंगडी दिसते.

अर्जात लिंगाचा रकाना खरंच लागणार असेल तरच ठेवा. ठेवलात तर 'तृतीयपंथी' हाही पर्याय द्या.