रोज लिहिणाऱ्यांसाठी शाईचे पेन : निवड, वापर आणि निगा

रोजनिशी, टिपणे, पत्रे किंवा लेखांचे कच्चे खर्डे हाताने लिहिणाऱ्याला केव्हातरी शाईचे पेन घ्यावेसे वाटते, आणि मग शोध सुरू होतो तो सुंदर पेनाचा. माझ्या मते हा क्रम उलटा असावा. आधी कागद ठरवावा, मग त्यावर चालणारी शाई निवडावी आणि सर्वांत शेवटी पेन घ्यावे, कारण उत्तम पेनही शोषक कागदावर आणि चुकीच्या शाईने नीट चालत नाही, तर अगदी साधे पेन योग्य कागदावर वर्षानुवर्षे तक्रार न करता लिहीत राहते. पुढील सर्व सूचना रोज काही पाने लिहिणाऱ्या माणसाला डोळ्यांसमोर ठेवून दिल्या आहेत. केवळ संग्रहासाठी पेने जमवणाऱ्यांच्या गरजा वेगळ्या असतात.

बॉलपेन सोडून शाईच्या पेनाकडे वळण्यामागे हौसेखेरीज एक ठोस कारण आहे. बॉलपेनातील शाई तेलकट आणि घट्ट असते, ती कागदावर उतरण्यासाठी टोकातील गोळी फिरावी लागते आणि गोळी फिरवण्यासाठी हाताने दाब द्यावा लागतो. शाईच्या पेनातील शाई मुख्यतः पाण्याची असते व कागदाला टोक टेकताच ती आपोआप उतरते, त्यामुळे दाब देण्याची गरजच राहत नाही. तासभर सलग लिहिणाऱ्याच्या बोटांना आणि मनगटाला हा फरक स्पष्ट जाणवतो. मात्र वर्षानुवर्षांची दाबून लिहिण्याची सवय एकदम जात नाही, म्हणून सुरुवातीचे काही दिवस मुद्दाम सावकाश लिहावे.

पेनाचे कार्य एकदा समजून घेतले की त्याच्या बहुतेक तक्रारी स्वतःच दूर करता येतात. निबेच्या मधोमध एक बारीक चीर असते आणि निबेच्या पोटाशी खाचा पाडलेली काळी जीभ बसवलेली असते. टाकीतील शाई जिभेवरच्या अरुंद पन्हळीतून केशाकर्षणाने निबेच्या चिरेत आणि तेथून टोकाशी येते, आणि जेवढी शाई बाहेर पडते तेवढी हवा जिभेच्याच वाटेने आत शिरते. हवेला आत जायला वाट मिळाली नाही तर टाकीतील दाब कमी होऊन शाई अडते. उलट आतली हवा उष्णतेने प्रसरण पावली तर ती शाईला बाहेर ढकलते. जिभेच्या कडेला कंगव्याच्या दातांसारख्या ज्या बारीक खाचा दिसतात, त्या अशी जास्तीची शाई तात्पुरती धरून ठेवतात. पेत्राके पोएनारू यांनी १८२७ मध्ये फ्रान्समध्ये अशा स्वयंपूर्ण पेनाचे पेटंट मिळवले होते, तरी ही पेने बराच काळ बेभरवशाची राहिली. लुईस वॉटरमन यांनी १८८४ मध्ये अमेरिकेत पेटंट घेतलेल्या रचनेत जिभेच्या पन्हळीत सूक्ष्म चिरा पाडून हवा आणि शाई यांची देवघेव आटोक्यात आणली. आजही पेन गळले किंवा अडले, तर दोष बहुधा या देवघेवीतच शोधावा लागतो.

आता कागदाकडे वळू. कागद जाड असला की तो शाईसाठी चांगला असतो, हा समज खरा नाही. कागदाचे वजन दर चौरस मीटरला किती ग्रॅम आहे हा आकडा वह्यांवर छापलेला असतो; पण शाई पसरणे वा मागे उमटणे हे वजनापेक्षा कागदाच्या तंतूंवर पाणी शोषू न देणारी खळ कितपत चढवली आहे यावर अवलंबून असते. तोमोए रिव्हर नावाचा जपानी कागद अवघ्या ५२ ग्रॅम वजनाचाही मिळतो आणि त्यावर शाई अजिबात पसरत नाही, तर कित्येक ८० ग्रॅमी कागदांवर अक्षरांच्या कडांना मुळ्या फुटल्यासारखे दिसते. वही घेण्यापूर्वी शक्य असल्यास तिच्या शेवटच्या पानावर स्वतःच्या पेनाने दोन ओळी लिहून, एका जागी टोक क्षणभर टेकवून, पान उलटून पाहावे. कडा रेखीव राहिल्या आणि मागच्या बाजूला ठिपका उमटला नाही तर वही निर्धास्त घ्यावी. चांगल्या कागदाची एक अडचणही सांगायला हवी : शाई आत मुरत नसल्याने ती वाळायला वेळ लागतो. पान लगेच उलटायची सवय असलेल्यांनी आणि डाव्या हाताने लिहिणाऱ्यांनी वहीत टीपकागद ठेवावा किंवा लवकर वाळणारी शाई निवडावी.

शाईची निवड करताना रंगाआधी टिकाऊपणाचा विचार करावा, कारण रोजनिशी ही पुन्हा वाचण्यासाठी लिहिली जाते. शाईचे ढोबळमानाने तीन प्रकार पडतात. पहिला, पाण्यात विरघळणाऱ्या रंगद्रव्याची शाई. ही पेनाला सर्वांत सुरक्षित, धुवायला सोपी आणि असंख्य छटांत मिळणारी असते, पण पाण्याचा थेंब पडला की बहुतेक वेळा अक्षर फुटते आणि उन्हाने रंग उडतो. दुसरा, रंगाचे अतिसूक्ष्म कण पाण्यात तरंगत ठेवलेली शाई. ती पाण्याला आणि उजेडाला दाद देत नाही, मात्र पेनात वाळली तर कण पन्हळीत अडकून बसतात. तिसरा प्रकार शतकानुशतके दस्तऐवजांसाठी वापरला गेला. ओकच्या झाडावरील गाठींतले टॅनिन आणि लोहाचा क्षार यांपासून ती शाई बनते, लिहिताना फिकी दिसते आणि हवेतील ऑक्सिजनच्या संपर्काने हळूहळू काळवंडते. ही शाई आम्लधर्मी असते, त्यामुळे पोलादी निबेत ती दीर्घकाळ पडून राहू देऊ नये. आजच्या पेनांसाठी बनवलेली या प्रकारची शाई पूर्वीच्या मानाने सौम्य असते आणि रोज वापरल्या जाणाऱ्या, वेळेवर धुतल्या जाणाऱ्या पेनाला तिचा सहसा त्रास होत नाही.

टिकाऊपणाची परीक्षा घरी सहज करता येते आणि बाटलीवरील मजकुरावर विसंबण्यापेक्षा ती करावी असे मला आवर्जून सांगावेसे वाटते. ज्या कागदावर रोज लिहिता त्याच कागदावर तीन-चार शायांनी एकेक ओळ लिहून ती दिवसभर वाळू द्यावी. मग ओळीच्या एका टोकावर पाण्याचे थेंब टाकून काही मिनिटांनी टिपून घ्यावेत आणि अक्षर वाचता येते का ते पाहावे. तशाच दुसऱ्या कागदाचा अर्धा भाग जाड पुठ्ठ्याने झाकून तो ऊन येणाऱ्या खिडकीत काही आठवडे ठेवावा. झाकलेल्या आणि उघड्या भागांतील फरक पाहिला की कोणत्या शाईवर भरवसा ठेवायचा हे ठरवता येते. चित्रकलेसाठी मिळणारी, लाख घातलेली काळी इंडिया इंक मात्र शाईच्या पेनात कधीही भरू नये, कारण ती वाळल्यावर पाण्याने निघत नाही. दोन शाया एकमेकींत मिसळणेही टाळावे. काही आम्लधर्मी तर काही अल्कधर्मी असतात आणि त्यांच्या मिश्रणातून साका तयार होऊन पेन कायमचे तुंबू शकते.

पेन निवडताना निबेच्या धातूला वाजवीपेक्षा जास्त महत्त्व दिले जाते. पोलादाची निब असो वा १४ किंवा १८ कॅरेट सोन्याची, कागदाला टेकणारा टोकाचा सूक्ष्म गोळा वेगळ्याच कठीण मिश्रधातूचा असतो, आणि अक्षराचा गुळगुळीतपणा त्या गोळ्याला दिलेल्या घोटाईवर ठरतो. सोने गंजत नाही आणि काही निबांत थोडी लवचिकता येते, एवढाच त्याचा खरा लाभ. पहिले पेन पोलादी निबेचेच घ्यावे. जाडीच्या बाबतीत मात्र काळजीपूर्वक निवड करावी. जोडाक्षरे, रफार, उकार आणि अनुस्वार यांनी भरलेले देवनागरी लेखन जाड निबेने केल्यास लहान अक्षरांतील पोकळ्या बुजतात, म्हणून ओळींची वही वापरणाऱ्याला बारीक निब सोयीची पडते. एकाच जाडीचे नाव असले तरी जपानी निब युरोपीय निबेपेक्षा साधारण एक पायरी बारीक असते, हेही ध्यानात ठेवावे.

शाई भरण्याच्या पद्धतींत कार्ट्रिज, म्हणजे शाई भरूनच मिळणारी बदलता येणारी नळी, सर्वांत सोपे असते. छोट्या प्रमाणित कार्ट्रिजमध्ये एक मिलिलिटरपेक्षा थोडी कमी शाई मावते. दौतीतून शाई ओढणारा कन्व्हर्टर जवळपास तेवढीच शाई धरतो. ड्रॉपरने थेट पोटात शाई भरायच्या पेनात याच्या दुपटीहून अधिक शाई मावते, म्हणून भरपूर लिहिणाऱ्याला ते मोहात पाडते. पण शाई तळाला गेली की हाताच्या उबेने आतली हवा फुगून पानावर थेंब पडण्याचा धोका असतो. असे पेन एक तृतीयांश उरताच पुन्हा भरावे आणि आट्यांवर सिलिकॉन ग्रीसचा पातळ थर लावावा.

लिहिताना पेन कागदाशी साधारण ४५ ते ५५ अंशांचा कोन करील असे धरावे, निबेची चीर आकाशाकडे राहील याची दक्षता घ्यावी आणि पेन बोटांत गोल फिरू देऊ नये. निबेचे दोन्ही दाते, म्हणजे चिरेच्या दोन बाजूंचे भाग, कागदाला एकाच वेळी टेकले तरच शाई सारखी उतरते. दाबल्यास दाते फाकतात, आणि पुन्हापुन्हा फाकलेले दाते मूळ जागी येत नाहीत. लेखकाच्या बाबतीत एक सवय विशेष महत्त्वाची आहे : वाक्य सुचेपर्यंत उघडे पेन हातात धरून बसू नये. निबेच्या टोकाशी शाईतील पाणी उडून जाते, उरलेली शाई घट्ट होते आणि पुढल्या शब्दाचा पहिला फराटा कोरा उमटतो. विचार लांबणार असे दिसताच टोपण बसवावे.

धुण्याचे वेळापत्रक पेनाच्या वापरावर ठरते. रोज वापरल्या जाणाऱ्या पेनात एकच शाई असेल तर दीड-दोन महिन्यांतून एकदा धुणे पुरेसे होते. शाई बदलताना, तसेच काही आठवडे पेन वापरायचे नसेल तेव्हा ते धुऊनच ठेवावे. कणयुक्त किंवा लोहयुक्त शाई असल्यास हा अवधी निम्म्यावर आणावा. नळाच्या साध्या तापमानाच्या पाण्याने टाकी भरून रिकामी करण्याची क्रिया पाणी स्वच्छ निघेपर्यंत करावी, नंतर निबेचा भाग पाण्यात तासभर बुडवून ठेवावा आणि शेवटी तो मऊ कापडावर टोक खाली करून रात्रभर वाळू द्यावा. शाई फार चिकटली असेल तर पाण्यात भांडी धुण्याच्या द्रवसाबणाचा एखादाच थेंब घालावा व नंतर साबणाचा अंश उरणार नाही इतके खळबळून घ्यावे. गरम पाणी, स्पिरिट आणि अ‍ॅसिटोन कटाक्षाने टाळावेत. गरम पाण्याने एबोनाइटचा, म्हणजे काही पेनांसाठी वापरल्या जाणाऱ्या कडक रबराचा, रंग विटतो आणि अ‍ॅसिटोन तर प्लास्टिक विरघळवते. निब व जीभ ओढून काढण्याची घाई करू नये, कारण कित्येक पेनांत त्या एकदाच बसवलेल्या असतात.

एवढे करूनही पेन लिहीत नसेल तर कारण क्रमाने शोधावे. निब वाळली असेल तर ओल्या कापडाला टोक टेकवताच शाई पुन्हा वाहू लागते. टोक खरखरत असेल तर दहापट मोठे दाखवणाऱ्या भिंगातून समोरून पाहावे; एक दाता वर आणि एक खाली दिसला तर वरचा दाता नखाने अगदी हलकेच खाली दाबावा आणि प्रत्येक वेळी लिहून पाहावे. सॅंडपेपरवर निब घासण्याचा सल्ला मी कधीच देणार नाही, कारण टोकाचा कठीण गोळा एकदा झिजला की परत येत नाही. चिरेत कागदाचा तंतू अडकला असेल तर पातळ पितळी पत्रा एकदा सरकवून तो काढता येतो. दाते वाकले असल्यास किंवा जिभेला तडा गेला असल्यास पेन जाणत्या दुरुस्ती करणाऱ्याकडेच द्यावे.

प्रवासात पेन टोक वर करून ठेवावे. विमान वर चढताना केबिनमधील दाब घटतो आणि टाकीतील हवा प्रसरण पावते, म्हणून पेन पूर्ण भरलेले किंवा पूर्ण रिकामे न्यावे. अर्धवट भरलेल्या पेनात हवा जास्त असते आणि तेच सर्वांत आधी गळते. शाईची बाटली घट्ट बंद करून अंधाऱ्या, थंड जागी ठेवावी, पेनातली उरलेली शाई बाटलीत परत ओतू नये, आणि शाईला कुबट वास आला किंवा तिच्यावर तवंग दिसला तर बुरशी धरली आहे असे समजून ती संपूर्ण बाटली टाकून द्यावी व त्या शाईने भरलेली पेने लगेच धुऊन घ्यावीत.