ड्रॉइंग ‘फायनल’ नावाने सेव्ह करताय? या चुका टाळा

फोल्डरमध्ये ‘प्लान_फायनल’, ‘प्लान_फायनल_२’ आणि ‘प्लान_फायनल_सुधारित’ शेजारी शेजारी पडलेल्या असतात. त्यातली खरी कोणती, हे ज्याने काढली त्यालाच ठाऊक, आणि तो नेमका रजेवर असतो.

यावर उपाय म्हणून बरेच जण डीडब्ल्यूजीच्या (ऑटोकॅडमधल्या मूळ ड्रॉइंग फाइलच्या) नावात रिव्हिजन, म्हणजे ए, बी, सी असं सुधारित आवृत्तीचं अक्षर, घालतात. ते करू नका. ती फाइल स्ट्रक्चर, प्लंबिंग, इलेक्ट्रिकल अशा सगळ्यांच्या ड्रॉइंगमध्ये एक्सरेफ (बाहेरची संदर्भ फाइल) म्हणून जोडलेली असते. नाव बदललं की सगळ्यांच्या जोडण्या तुटतात. चालू डीडब्ल्यूजीचं नाव कायम ठेवा आणि इश्यू करताना, म्हणजे बाहेर पाठवताना, तिची एक प्रत संग्रहात टाका. बाहेर जाणाऱ्या पीडीएफच्या नावात मात्र रिव्हिजन हवंच, आणि ते टायटल ब्लॉकशी (शीटवरच्या माहितीच्या चौकटीशी) जुळायला हवं.

‘एवढ्याशा बदलाला कशाला नवीन रिव्हिजन?’ हे वाक्य मला महागात पडलंय. रिव्हिजन बी इश्यू झाल्यावर एका बीमची खोली ४५० वरून ६०० मिमी केली आणि तीच बी पुन्हा पाठवली. साइटवर दोन बी झाल्या. फिटरने आधीची उघडली आणि बीमच्या सळयांभोवतीच्या रिंगा ४५० च्या हिशेबाने कापून मोकळा झाला. त्याला बोल लावायचा तरी कसा? त्याच्या हातातल्या कागदावरही बीच होतं. शीट एकदा ऑफिसबाहेर पडली की एक माप बदललं तरी पुढचं अक्षर, बदलाभोवती क्लाउड (ढगासारखी रेघ) आणि टायटल ब्लॉकमध्ये एक ओळ, एवढं झालंच पाहिजे.

पाठवलेलं ड्रॉइंग परत बोलावता येत नाही. म्हणून कोणाला, कधी, कोणतं रिव्हिजन आणि कशासाठी दिलं, याचं ट्रान्समिटल, म्हणजे पाठवणीची नोंद, ठेवा. ‘कशासाठी’ हा रकाना सगळ्यात जास्त वेळा कोरा राहतो, आणि मंजुरीसाठी गेलेल्या शीटवर बांधकाम सुरू होतं ते त्यामुळेच. चॅट ग्रुपवर टाकलेली पीडीएफ ही त्या ग्रुपपुरती सोय झाली, नोंद नव्हे. २०१८ मध्ये आलेल्या आयएसओ १९६५० मानकात माहितीच्या चार अवस्था आहेत: काम चालू, सामायिक, प्रकाशित, संग्रहित. महागडं सॉफ्टवेअर नसलं तरी चार फोल्डर आणि ‘काम चालू’मधून कोणालाही काही पाठवायचं नाही ही शिस्त, एवढ्यावर छोट्या ऑफिसचं भागतं.

‘तुमच्या ड्रॉइंगमध्ये भिंतीच दिसत नाहीत’ असा फोन आला, तर एक्सरेफ सोबत गेलेलं नाही किंवा त्याचा पाथ (फाइलचा पत्ता) तुमच्या डी ड्राइव्हचा आहे. ऑटोकॅड २०१८ पासून नवा एक्सरेफ मुळातच रिलेटिव्ह पाथने, म्हणजे ड्रॉइंगच्या फोल्डरपासून धरलेल्या पत्त्याने, जोडला जातो, पण जुन्या ड्रॉइंगमधले पाथ तसेच राहतात. ते एकदा तपासा. अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हं दिसली तर फॉन्ट सोबत गेलेला नाही, रेषांची जाडी बिघडली तर सीटीबी, म्हणजे प्रिंटमधली रेषांची जाडी ठरवणारी फाइल. ऑटोकॅडमधल्या ईट्रान्समिट या सोयीने पॅकेज केलं की हे सगळं एकत्र जातं, पण त्यात फॉन्टची खूण केलीय ना, ते बघा.

प्रिंटची गंमत वेगळीच. ए१ शीट ए३ वर नेमकी निम्मी होते, म्हणजे १:१०० चं १:२००. पण प्रिंट खिडकीत ‘फिट’ निवडलेलं असलं, की समास सोडण्यासाठी शीट आणखी थोडी आकसते आणि पट्टी लावून घेतलेलं प्रत्येक माप चुकतं. शीटवर आलेखी स्केल (मोजपट्टीसारखी रेघ) काढलेली असेल तर ही चूक लगेच पकडता येते.

सिंक होणाऱ्या फोल्डरमध्ये दोघांनी एकच डीडब्ल्यूजी उघडली तर ‘फाइल वापरात आहे’ ही सूचना वेळेवर मिळेलच असं नाही. संध्याकाळी ‘कॉन्फ्लिक्ट’ असं नाव लावलेली दुसरी प्रत तयार असते. ती डिलीट करण्याआधी दोन्ही उघडून ताडून बघा. दुसऱ्याचं दिवसभराचं काम बहुधा तिच्यातच असतं.