रखडलेली नळयोजना हाती घेताना

टाकी उभी आहे, तिला रंगही दिला आहे, पण शेवटच्या गल्लीत पाणी पोहोचत नाही, अशी गावे मराठवाड्याला नवीन नाहीत. १५ ऑगस्ट २०१९ रोजी ग्रामीण घरांना नळाने पाणी देणाऱ्या जलजीवन मिशनची घोषणा झाल्यानंतर अशी अर्धवट कामे सावरण्याची जबाबदारी अनेक शाखा अभियंत्यांवर आणि समन्वयकांवर आली. हे मार्गदर्शन त्यांच्यासाठी आहे.

रुजू होताच हाती पडणारा ‘नव्वद टक्के काम पूर्ण’ हा अहवाल काही दिवस बाजूला ठेवावा. ही टक्केवारी बहुधा खर्चावरून काढलेली असते आणि मोठा खर्च टाकी व पाइप यांवरच होतो. त्यामुळे पंपाच्या वीजजोडणीचे महावितरणचे कोटेशन भरायचे राहिले आहे किंवा वाडीकडच्या फाट्यावर व्हॉल्व्हच बसवलेला नाही, हे त्या आकड्यात जवळजवळ दिसत नाही, आणि पाणी अडते ते नेमके तिथेच. म्हणून पाहणी उलटी करावी: शेवटच्या नळापासून टाकीकडे आणि टाकीपासून विहिरीकडे. सोबत फिटर व व्हॉल्व्हमन असावेत, वरिष्ठांचा ताफा नसावा. जे दिसले तेवढेच वहीत लिहावे; ‘कोणामुळे’ हा रकाना ठेवूच नये, कारण तो असला की फिटर गळका जोड दाखवत नाही, त्यावर पायाने माती ओढतो.

सर्वाधिक वेळ उद्भवावर, म्हणजे जिथून पाणी घ्यायचे त्या स्रोतावर द्यावा. दरडोई ५५ लिटर धरल्यास दीड हजार लोकवस्तीला रोज ८२,५०० लिटर पाणी लागते. विहीर ताशी १०,००० लिटर देत असेल तर सव्वाआठ तासांत भागते. तीच मे महिन्यात ५,००० वर आली तर साडेसोळा तास उपसा करावा लागेल, आणि तेवढा वेळ थ्री फेज वीज मिळेल असे गृहीत धरता येत नाही. इथल्या बेसाल्टमध्ये पाणी भेगांत आणि वरच्या मुरमाड थरात साठते आणि उन्हाळ्यापर्यंत ओसरते, त्यामुळे दिवाळीच्या सुमारास घेतलेली विहिरीची क्षमता चाचणी उन्हाळ्यासाठी निरुपयोगी ठरते. २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले तेव्हा शहरातील नळ जागेवरच होते. शहराला पाणी पुरवणारे मांजरा धरण कोरडे पडले होते. उद्भवच अपुरा असेल तर टीमला आणखी राबवून काहीही साधत नाही, हे टीमच्या प्रमुखाने, म्हणजे अभियंत्याने किंवा समन्वयकाने, वरिष्ठांना लेखी कळवावे. कळवणे अप्रिय असते, पण ते काम त्याचेच आहे.

त्यानंतर आराखडा लहान करावा. सगळ्या गावाला एकदम पाणी देण्याचा हट्ट सोडून गावाचा एक भाग (झोन) निवडावा आणि तो पूर्ण चालू करावा. थकलेल्या टीमला धीर भाषणाने येत नाही, वाहता नळ पाहून येतो. कंत्राटदाराचे बिल अडले असल्यास मोजमाप पुस्तिकेतील नोंदी त्याच्यासमोर बसून तपासाव्यात; कामबंदीचे मूळ पुष्कळदा तिथे सापडते.

वेळापत्रक करताना मजुरांचा आणि जमिनीचा हंगाम पाहावा. दसरा-दिवाळीनंतर उचल घेतलेल्या टोळ्या ऊसतोडीला निघतात आणि बीडकडच्या गावांत तर खोदाईला माणूस मिळत नाही. पावसाळ्यात काळ्या मातीत खोदलेली चर ढासळते. त्यामुळे हिवाळ्यातील कामासाठी गावात राहणारी माणसे आधीच ठरवून ठेवावीत.

ग्रामसभेत वाईट बातमी प्रमुखाने स्वतः सांगावी. ‘पुढच्या महिन्यात पाणी येईल’ असे मोघम उत्तर न देता कोणते काम, कोणाकडे आणि कशासाठी अडले आहे ते सांगावे. लोक चिडतील, चिडू द्यावे. त्यांच्यापुढे फिटरला उभे करू नये. त्याची चूक असेल तर ती एकांतात, वहीतील नोंद समोर ठेवून बोलावी.

चर बुजवण्यापूर्वी जलवाहिनीची दाबचाचणी घ्यावी. घाईत हीच पायरी गाळली जाते आणि नंतर सिमेंटचा रस्ता पुन्हा फोडावा लागतो. पाणी सुरू झाल्यावर शेवटच्या नळाशी क्लोरीन तपासावे; ते लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम असले पाहिजे.

हस्तांतरणापूर्वी व्हॉल्व्हचा नकाशा ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लावावा, व्हॉल्व्हमनच्या मानधनाची आणि वीजबिलाची तरतूद पाणीपट्टीतून कशी होणार हे गावाच्या पाणीपुरवठा समितीच्या ठरावात नोंदवून घ्यावे आणि पहिला उन्हाळा संपेपर्यंत दर महिन्याला शेवटच्या नळाखाली बादली भरायला किती वेळ लागतो ते मोजत राहावे.