कॅलेथियाच्या करपलेल्या कडा: माझा अनुभव

फेब्रुवारी सरला की पुण्याची हवा कोरडी ठणठणीत होते आणि आमच्या कॅलेथियाची पानं कडेने करपायला लागतात. झाड मुळात ब्राझीलच्या जंगलातलं, मोठ्या झाडांच्या सावलीत वाढणारं; हवेत ५०-६० टक्के दमटपणा असला की खूश. नर्सरीवाले काका म्हणाले, "ताई, पाणी वाढवा." कुंडी तर ओलीच होती!

पान उलटून पाहिलं तर मधल्या शिरेलगत बारीक जाळी आणि हलणारे ठिपके. लाल कोळी, म्हणजे पानांचा रस शोषणारी बारीक कीड! कोरड्या हवेत तो भराभर वाढतो. ओल्या फडक्याने प्रत्येक पान खालून-वरून पुसलं. मग दर आठवड्याला संध्याकाळी कडुनिंबाच्या तेलाची फवारणी: लिटरभर कोमट पाण्यात ५ मिली तेल आणि भांड्याच्या लिक्विड साबणाचे दोन-चार थेंब. तेल मारून उन्हात ठेवलं तर पानं भाजतात, हे लक्षात ठेवा.

कोळी गेला, तरी नव्या पानांची टोकं तपकिरी होतच होती. संशय बोअरच्या पाण्यावर गेला. बादलीला क्षारांचा पांढरा थर धरतोच. एसीच्या नळीखाली बादली लावली आणि तेच पाणी घालायला लागले, त्यात क्षार जवळजवळ नसतात. आरओचं वाया जाणारं पाणी मात्र नको, त्यात उलट जास्तच.

नुसता पाण्याचा फवारा मारून दमटपणा टिकत नाही, माझ्या मते तो निव्वळ टाइमपास. त्यापेक्षा फर्न, मनीप्लांट, कॅलेथिया दाटीवाटीने एकत्र ठेवा. करपलेली कड परत हिरवी होत नाही; मी ती कात्रीने पानाच्या आकारात कापते. नव्या सुरळ्या आता स्वच्छ उलगडतात.